नासपतीचा फ्लोन्यार्द खाली पाणीदार आणि वर चिवट झाला. चूक नेमकी कोठे झाली?

रानजाई, टिळकवाडी (बेळगाव)

नमस्कार. गेल्या रविवारी मी पहिल्यांदाच फ्लोन्यार्द करून पाहिला आणि तो बिघडला. कारण समजल्याशिवाय पुन्हा अंडी-दूध खर्ची घालण्याची इच्छा नाही, म्हणून सविस्तर लिहीत आहे. ज्यांना हे नाव नवे असेल त्यांच्यासाठी सांगते, फ्रान्सच्या लिमूझँ भागात काळ्या चेरी घालून क्लाफूती नावाचा पदार्थ भट्टीत भाजतात. अंडी, दूध, साखर आणि थोडा मैदा यांचे धिरड्यापेक्षाही पातळ मिश्रण फळांवर ओतायचे आणि ते खरवसासारखे घट्ट होईपर्यंत भाजायचे, एवढीच त्याची रीत. चेरीऐवजी नासपती, सफरचंद किंवा अलुबुखार घातले की त्यालाच तिकडे फ्लोन्यार्द म्हणतात. चेरी आपल्याकडे उन्हाळ्याच्या अखेरीस थोडे दिवस दिसते आणि संपते, पण सध्या गणपत गल्लीत नासपती भरपूर आहे, आणि नवरात्र संपल्यामुळे आमच्या घरात अंडी आणायलाही मोकळीक झाली आहे.

मी घेतलेले प्रमाण असे होते: 5 अंडी, अर्धा लिटर म्हशीचे दूध, 50 ग्रॅम मैदा, 100 ग्रॅम साखर आणि अगदी पिकलेल्या, बोटाने दाबल्या जाणाऱ्या 4 बब्बूगोशा नासपती. केकच्या खोल अ‍ॅल्युमिनियमच्या भांड्यात फळांच्या फोडी मांडून वर मिश्रण ओतले आणि ओटीजीमध्ये (घरगुती विजेच्या भट्टीत) 220 अंशांवर 50 मिनिटे भाजले. सुरी अगदी कोरडी बाहेर येईपर्यंत थांबले होते. वरचा थर तपकिरी आणि चिवट झाला, आत बारीक बारीक छिद्रे पडली, आणि पहिला तुकडा कापताच भांड्याच्या तळाशी पिवळसर पाणी जमा झाले. चव वाईट नव्हती, पण हा तो पदार्थ नव्हे, हे खाताना कळत होते.

माझ्या शंका तीन आहेत. म्हशीचे दूध फार दाट असल्यामुळे असे झाले का? बेळगाव समुद्रसपाटीपासून सुमारे 750 मीटर उंचीवर आहे, त्याचा काही परिणाम होतो का? आणि नासपतीऐवजी सध्याच्या हंगामातील सीताफळ घातले तर चालेल का? माझ्या सासूबाई अंडे खात नाहीत. त्यांच्यासाठी अंड्याविना काही करता येत असेल तर तेही कृपया सांगावे.


घाटमाथा, खानापूर

ताई, तुम्ही खरवसाचे नाव घेतलेत, तेथेच तुमच्या प्रश्नाचे निम्मे उत्तर आहे. आमच्याकडे गाय-म्हैस व्याली की चिकाचा खरवस होतो, आणि तो उकडताना आई एकच गोष्ट बजावत असे: पाणी खळखळू देऊ नये आणि वेळेपेक्षा जास्त ठेवू नये. जास्त उकडलेल्या खरवसाला जाळी पडते, तो दाताखाली करकरतो आणि ताटलीत पाणी सुटते. चिकातील प्रथिने जशी उष्णतेने एकमेकांत गुंतून दुधाला धरून ठेवतात, तशीच अंड्यातील प्रथिनेही धरतात. दूध-साखर मिसळलेले अंडे साधारण 80 अंशांच्या आसपास जमते. त्यापुढे तापवत राहिले तर ही जाळी आवळत जाते, आणि पिळलेल्या कापडातून निघावे तसे तिच्यातले पाणी बाहेर पडते. तुम्ही सांगितलेली छिद्रे, चिवटपणा आणि पिवळसर पाणी ही तिन्ही लक्षणे एकाच गोष्टीची आहेत: मिश्रण जास्त शिजले. कच्चे राहिले असते तर तळाशी पाणी नव्हे, पांढरट, पिठूळ थर दिसला असता.

आता हे का झाले ते पाहू. अर्धा लिटर दुधाला 5 अंडी आणि केवळ 50 ग्रॅम मैदा म्हणजे अंड्यांच्या मानाने पीठ फारच कमी. मैद्यातील पिष्ट फुगून पाणी धरते आणि अंड्याच्या प्रथिनांना एकमेकांवर घट्ट आवळू देत नाही, म्हणूनच क्लाफूतीला निव्वळ कस्टर्डप्रमाणे गरम पाण्याच्या परातीत ठेवून भाजावे लागत नाही. ते संरक्षण तुमच्या मिश्रणात अपुरे पडले. दुसरे म्हणजे 220 अंश ही आच फार आहे. तिसरे, आणि माझ्या मते सर्वांत महत्त्वाचे, सुरी कोरडी निघेपर्यंत थांबणे. केकची ही परीक्षा येथे लावू नये. भांडे हलवल्यावर कडा स्थिर राहाव्यात आणि मधला तळहाताएवढा भाग थरथरावा, त्या वेळी ते बाहेर काढावे. भट्टीतून निघाल्यावरही आतली उष्णता काही मिनिटे काम करत राहते आणि तो भाग आपोआप जमतो.

9 इंच व्यासाच्या उथळ भांड्यासाठी मी घेतो ते प्रमाण देतो: 3 अंडी, 300 मिलिलिटर दूध, 70 ग्रॅम मैदा, 80 ग्रॅम साखर, चिमूटभर मीठ, 30 ग्रॅम वितळवलेले लोणी आणि सोलून, गाभा काढून साधारण 400 ग्रॅम नासपती. आधी अंडी आणि साखर हलक्या हाताने मिसळावीत, मग मैदा घालून गुठळ्या मोडाव्यात आणि शेवटी दूध थोडे थोडे ओतावे. सगळे दूध एकदम ओतले तर गुठळ्या शेवटपर्यंत राहतात. मिश्रण अर्धा तास झाकून ठेवले की मैदा भिजतो आणि फेस खाली बसतो. मग 180 अंशांवर 35 ते 40 मिनिटे. भट्टीत असताना ते कडेने चांगलेच फुगेल आणि बाहेर काढल्यावर बसेल. तो बिघाड नाही, त्याचा स्वभावच तसा आहे.

उंचीचा विचार मनातून काढून टाकावा. बेळगावात पाणी शंभराऐवजी दोन-अडीच अंश अलीकडे उकळते हे खरे, पण ज्या पदार्थाचे सारे काम 80 अंशांच्या आसपास उरकते त्याला याने फरक पडत नाही. दूध मात्र म्हशीचे नको, गाईचे घ्यावे. दाट दुधाने पदार्थ जड होतो असे मला वाटते.


चूलभानवस, निपाणी

खानापूरच्या दादांनी निदान अचूक केले आहे, पण दुधाबाबत मी सहमत नाही. फ्रान्समध्ये अनेक घरांत या मिश्रणात दुधाबरोबर थोडी साय किंवा क्रीम घालतात, ती मऊपणा यावा म्हणूनच. आपल्या म्हशीच्या दुधात 6 ते 7 टक्के स्निग्धांश आयताच असतो, गाईच्या दुधाच्या जवळजवळ दुप्पट, आणि स्निग्धांश वाढला की जमलेला थर अधिक नाजूक होतो, चिवट नव्हे. मी गेली काही वर्षे म्हशीचेच दूध वापरते आणि लोणी तेवढे निम्मे करते. दोष दुधाचा नव्हता.

फळाविषयी मात्र अजून बोलायला हवे, कारण तळाच्या पाण्यात फळाचाही वाटा असणार. बब्बूगोशा ही मऊ, रसाळ जात आहे; ती झाडावरून कच्ची उतरवून घरी पिकवावी लागते, आणि एकदा पिकली की दोन दिवसांत तिचा लगदा होतो. अशा फोडींवर साखरेचे मिश्रण पडले की त्या भराभर रस सोडतात. देठाजवळ दाबले असता किंचित दबेल, पण बाकी अंग घट्ट असेल, अशा अवस्थेत ती घ्यावी. बाजारात दुसरी एक कडक, रवाळ, गोलसर नासपती मिळते, तिला उत्तरेकडे नाख म्हणतात. ती कितीही भाजली तरी करकरीत राहते, म्हणून ती आधी साखरेच्या पातळ पाकात 15 मिनिटे शिजवून निथळून घ्यावी. बब्बूगोशाच्या फोडी मी तव्यावर चमचाभर लोणी आणि थोडा गूळ घालून मोठ्या आचेवर 5 मिनिटे परतते. सुटलेला रस तेथेच आटतो, फोडींना तांबूस रंग येतो, आणि गूळ-लोण्याचा तो वास नासपतीला असा काही शोभतो की मी जायफळाव्यतिरिक्त दुसरा मसाला घालत नाही. फोडी पूर्ण गार झाल्यावरच मांडाव्यात. गूळ फळापुरताच ठेवा, दुधाच्या मिश्रणात घालू नका. कित्येक गुळांत आम्लता असते आणि तापताना दूध फाटते. सफरचंद घेणार असाल तर लाल डेलिशियस टाळावे, कारण ते शिजून पिठूळ होते आणि त्याला आंबटपणाही नसतो.

सीताफळाला मी स्पष्ट नाही म्हणेन. एकदा मोह होऊन मी त्याचा गर या मिश्रणात घातला होता आणि सगळे भांडे कडू झाले. सीताफळाचा गर तापवला की त्याला कडवटपणा येतो, म्हणूनच बासुंदीतही तो आच बंद करून, दूध गार झाल्यावर मिसळतात. गर फ्लोन्यार्दबरोबर वाटीत गार वाढावा, तो फार छान लागतो. बिया मात्र एकूण एक काढाव्यात, मिक्सरमध्ये बीसकट फिरवू नये, कारण त्या विषारी असतात.

भट्टीविषयी एक सूचना. ओटीजीची वरची कांब भांड्यापासून चार बोटांवर असते, त्यामुळे पृष्ठभाग भाजून निघतो आणि मध्य मागे राहतो. जाळी सर्वांत खालच्या खोबणीत ठेवा, आणि बटणावरच्या आकड्यावर विसंबू नका. भट्टीत ठेवायचा साधा तापमापक आणल्यावर मला कळले की माझी भट्टी 180 म्हणताना 200 च्या पुढे जाते. खोल अ‍ॅल्युमिनियमच्या भांड्याऐवजी काचेचे किंवा चिनी मातीचे उथळ भांडे घ्यावे. धातूची कड आधी तापते आणि मधला भाग जमेपर्यंत कडा करकरीत होतात.


द्राक्षमळा, अथणी

आमच्या भागात नासपतीपेक्षा मनुका हाताशी असतात, म्हणून एक जवळचा पर्याय सुचवतो. फ्रान्सच्या वायव्येकडील ब्रिटनीमध्ये फार ब्रेतों नावाचा असाच पदार्थ सुकवलेले अलुबुखार घालून करतात. त्यात मैद्याचे प्रमाण बरेच जास्त असल्यामुळे तो दाट होतो आणि गार झाल्यावर वड्या पाडता येतात. मी त्यात अलुबुखारांऐवजी काळ्या मनुका रात्रभर कोमट चहात भिजवून, पिळून, मैद्यात घोळवून घालतो. सुकवलेले फळ रस सोडत नाही, उलट थोडा शोषून घेते, त्यामुळे तळाशी पाणी साचण्याची भीती राहत नाही. नवशिक्याने येथून सुरुवात करावी असे मला वाटते.

सासूबाईंसाठी खरे ते सांगतो. अंड्याविना फ्लोन्यार्द होत नाही, कारण जमवणारी गोष्टच ती आहे. मक्याच्या पिठाने घट्ट केलेले दूध म्हणजे खीर, आणि तिला हे नाव देऊ नये. त्याऐवजी टांगलेल्या दह्याचा चक्का, आटवलेले गोड दूध आणि साधे दूध समभाग घोटून, त्याच परतलेल्या फोडींवर ओतून, झाकून मंद वाफेवर अर्धा तास ठेवावे. बंगालमध्ये भापा दोई करतात तीच ही रीत. तो स्वतंत्र, सुंदर पदार्थ आहे आणि सासूबाईंना तो कमीपणाचा वाटणार नाही.


रानजाई, टिळकवाडी (बेळगाव)

सर्वांचे मनापासून आभार. काल पुन्हा केला. दूध म्हशीचेच ठेवले, फोडी गूळ-लोण्यात परतून गार केल्या, जाळी खालच्या खोबणीत ठेवली आणि 37 व्या मिनिटाला, मधला भाग थरथरत असताना, भीत भीत काचेचे भांडे बाहेर काढले. पाऊण तासाने कापला तेव्हा तळाशी थेंबभरही पाणी नव्हते आणि तुकडा सुरीबरोबर न ओढला जाता सरळ उभा राहिला. सासूबाईंसाठी चक्क्याचा पदार्थ वेगळ्या वाटीत वाफवला. त्यांनी तो संपवून, या रविवारी मनुका घालून पाहा, असे सांगितले आहे.

एकच शंका उरली आहे. खालच्या खोबणीमुळे पृष्ठभाग फिकट राहिला. शेवटची 5 मिनिटे भांडे वर सरकवावे की वरून साखर भुरभुरवून तेथेच ठेवावे?


चूलभानवस, निपाणी

सरकवू नका, त्या अवस्थेत धक्का लागला तर मध्य फाटतो. 25 व्या मिनिटाला, पृष्ठभाग नुकताच धरू लागला की चमचाभर साखर आणि लोण्याचे चार लहान तुकडे वरून टाकावेत.