अनुदानाच्या यादीत नाव हवंच, पण मोबाइल नंबर कशाला?

पऱ्हाटी (जि. यवतमाळ)

आमच्या गावात अतिवृष्टीच्या अनुदानाची यादी लागली. ग्रामपंचायतीच्या भिंतीवर सात पानं चिकटवली होती. नाव, गट नंबर, बाधित क्षेत्र, रक्कम आणि शेवटच्या रकान्यात मोबाइल नंबर. कोणीतरी पानांचे फोटो काढून गावच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकले. तिथून ते आजूबाजूच्या गावांत गेले, मग तालुक्याच्या ग्रुपवर. हेतू चांगलाच होता, लोकांना घरबसल्या नाव पाहता यावं म्हणून.

पाचव्या दिवशी शेजारच्या काकूंना फोन आला. काकूंना नवरा नाही, दोन एकर कोरडवाहू, मुलगा पुण्याला कंपनीत. फोनवरच्या माणसानं आधी नाव घेतलं, मग गट नंबर सांगितला, मग म्हणाला, "शून्य पॉइंट ऐंशी हेक्टर, बरोबर ना काकू? तुमची केवायसी अडली आहे. फाइल पाठवतो, ती उघडा." काकूंनी उघडली. सकाळपर्यंत खात्यातले साडेनऊ हजार गेले होते, कापूस वेचणीच्या मजुरीसाठी ठेवलेले. माझ्याकडे आल्या तेव्हा मोबाइल पदराच्या टोकाला गाठ मारून बांधून आणला होता. मी १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन लावून तक्रार नोंदवली, पण तोवर रात्र उलटली होती.

जो तो म्हणतो, काकू भोळ्या म्हणून फसल्या. मला हे अजिबात पटत नाही. आपला गट नंबर घरच्यांना आणि तलाठ्यालाच माहीत असतो, असं आपण धरून चालतो. तो सांगणारा माणूस ऑफिसातलाच वाटणार. त्याच्या हातात हा विश्वास भिंतीवरच्या कागदानं दिला. म्हणून माझं म्हणणं एवढंच: यादीतून मोबाइलचा रकाना काढा. आधार क्रमांक असा उघड लावायला २०१६ च्या आधार कायद्यातच मनाई आहे. मग ज्या नंबरवर ओटीपी येतो, तो कसा चालतो?

माहितीवाला (जि. अमरावती)

काकूंचं वाचून वाईट वाटलं. तरीही मी विरोधात लिहितो आहे, कारण याद्या उघड्या राहाव्यात म्हणून मी बारा वर्षं अर्ज करतो आहे. आमच्या गावात अशीच यादी लागली, तेव्हा त्यात चार मयत माणसं निघाली, आणि ज्यांच्या नावावर वीतभर जमीन नाही असे दोघं. हे कोणत्या साहेबानं शोधलं नाही, चावडीसमोर उभ्या असलेल्या बायकांनी शोधलं. "हे तं माह्या सासऱ्याचं नाव हाय, त्याईले जाऊन सहा वर्षं झाली," असं एकीनं तिथंच सांगितलं.

माहिती अधिकार कायदा २००५ चा. त्याच्या कलम ४ प्रमाणे अनुदानाच्या योजना, दिलेली रक्कम आणि लाभार्थ्यांचा तपशील कार्यालयानं मागणीची वाट न पाहता जाहीर करायचा असतो. आता दुसरी बाजू बघा. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यानं माहिती अधिकारातलं कलम ८(१)(ञ) बदललं. आधी वैयक्तिक माहिती नाकारायची तर तिचा सार्वजनिक कामाशी संबंध नाही हे पाहावं लागे. आता 'वैयक्तिक माहिती' एवढं कारण पुरतं. नोव्हेंबर २०२५ मध्ये नियम आले आणि ही दुरुस्ती लागूही झाली. मोठ्या जनहितासाठी माहिती देण्याची तरतूद कलम ८(२) मध्ये शिल्लक आहे, पण ती वापरायची की नाही हे ठरवणारा तोच अधिकारी. आज तुम्ही नंबराचा रकाना काढायला सांगाल, उद्या तो अख्खी यादीच कपाटात टाकेल आणि तुमचंच नाव पुढं करेल.

पऱ्हाटी

दादा, तुमची भीती खरी आहे. पण मयत सासरा नावावरून सापडला, मोबाइल नंबरावरून नाही. नाव, गट, क्षेत्र, रक्कम यातला एकही रकाना झाकावा असं मी म्हणत नाही. पैसा सरकारचा आहे, तो कोणाला गेला हे गावाला कळलंच पाहिजे. नंबर मात्र काकूंचा आहे.

सेतूवाला

मी केंद्र चालवतो, रोज या याद्या हाताळतो, म्हणून आतली गोष्ट सांगतो. यात कोणाचा कट नसतो. वरून एक्सेल फाइल येते, कोणीतरी सगळे रकाने तसेच ठेवून प्रिंट मारतो. रकाना लपवायला अर्धं मिनिट लागतं. अडचण वेगळीच आहे. एका गावात एकाच नावाचे, एकाच बापाच्या नावाचे तीन शेतकरी असतात. नंबर काढला की तिघंही माझ्याकडे येतात, "यातला मी कोणता?" यावर मला सुचलेला तोडगा असा की नंबराचे शेवटचे चार आकडेच छापायचे. आधारचं झाकलेलं कार्ड मिळतं, त्यावर शेवटचे चारच आकडे असतात, तसंच. ज्याचं त्याला कळतं, परक्याला फोन लावता येत नाही.

बुढा कास्तकार (जि. वाशिम)

बापा, तुमचं सारं वाचलं. गावात नंबर कोनापासून लपला हाय? लग्नाच्या पत्रिकेवर चार-चार नंबर छापतो आपन. ट्रॉलीवर नंबर, दुकानाच्या शटरवर नंबर. पोराची सोयरीक जुळवाची तं बायोडाटा साऱ्या जिल्ह्यात फिरते, त्याच्यात शेती, मामाचं गाव, सारं रायते. तवा कोनी काही म्हनत नाही. रात्री डीपी उडाली तं लाइनमनचा नंबर दहा जनाजवळ पाह्यजे. माह्या मतानं यादी हाय तशी राहू द्या, लोकाईले शिकवा का आलेली फाइल उघडू नका. नंबर लपवत बसलो तं गाव गाव रायत नाही.

पऱ्हाटी

काकाजी, पत्रिकेवर नंबर आपण आपल्या मर्जीनं छापतो. कायदाही हा फरक करतो: माणसानं स्वतःहून जगजाहीर केलेली माहिती त्या २०२३ च्या कायद्याच्या बाहेर आहे. काकूंना कोणी विचारलं? अर्जात नंबर दिला तो पैसे जमा झाल्याचा मेसेज यावा म्हणून. २०१७ मध्ये सुप्रीम कोर्टाच्या नऊ न्यायाधीशांनी खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे असं एकमतानं सांगितलं, तो हक्क कोरडवाहू दोन एकरवालीलाही आहे. आणि गावाला माहीत असणं वेगळं. गावात कोणी वावगं वागला तर त्याच्या घरी जाऊन जाब विचारता येतो. फोटो निघाला की तो कागद कुठं गेला, हे आपल्यातल्या कोणालाच सांगता येत नाही.

आशाताई (मेळघाट)

मी मध्ये बोलते, कारण माझा नंबर उपकेंद्राच्या भिंतीवर ऑइल पेंटनं रंगवलेला आहे. खाली १०८, वर माझं नाव. रात्री दोनला कळा सुरू झाल्या तर बाई मला फोन करते, मी गाडी बोलावते. तो नंबर पुसा असं मी कधीच म्हणणार नाही. पण त्याच नंबरावर दारू पिऊन फोन येतात, रात्री अकराला व्हिडिओ कॉल येतो. पोरगी शेजारी झोपलेली असते. ब्लॉक केला तर दुसऱ्या नंबरवरून येतो. आणि फोन बंद ठेवता येत नाही, कोणाची वेळ आली असेल सांगता येत नाही. तुम्ही सगळे लाभार्थ्याच्या नंबरावर बोलताय. कामासाठी ज्यांचा नंबर उघडा लागतो, त्यांचं काय?

माहितीवाला

ताई, अधिकारी-कर्मचाऱ्यांची यादी जाहीर करा हेही त्याच कलम ४ मध्ये आहे आणि मी ते कायम मागत आलो. पण जाहीर व्हावा तो कामाचा नंबर. कामासाठी वेगळं सिम द्यायला हवं, तेही तुमच्या मानधनातून नाही. पऱ्हाटीभाऊ, शेवटचे चार आकडे ही गोष्ट मला मान्य आहे. फक्त हे तोंडी सांगू नका. ग्रामसभेत ठराव घ्या आणि त्यात आधी लिहून घ्या की नाव, गट, क्षेत्र आणि रक्कम उघडंच राहील. ती ओळ नसेल तर माझा विरोध कायम.

बुढा कास्तकार

ठरावाले हात वर करीन मी. पन शिकवाचं काम सोडू नका. बाईचे पैसे भेटले का काही?

पऱ्हाटी

नाही काकाजी, अजून नाही. आज सकाळी ग्रामपंचायतीत जाऊन आलो. सातही पानं तशीच आहेत, पावसानं खालचं पान फुगलं आहे, नंबर अजून वाचता येतात. सचिवांना ठरावाचा मसुदा दिला, तुमची ती ओळ पहिली लिहिली आहे, दादा. आशाताईंच्या सिमची मागणी त्याच ठरावात घालू की वेगळी, हे सांगा.

आशाताई (मेळघाट)

वेगळी. नाहीतर शेवटच्या कलमात राहून जाईल.