सर्व्हिसची फाइल नसलेली जुनी गाडी: घेतलीत की सोडलीत, आणि काय पाहून?

संगमेश्वर (धागा सुरू करतोय)

मंडळी, सल्ल्यापेक्षा तुमच्यावर गुदरलेलं ऐकायचंय. एक गाडी बघितली आहे. २०१४ची पेट्रोल हॅचबॅक, एमएच ०८ (रत्नागिरी) पासिंग, पहिलाच मालक, मीटरवर ६१ हजार किलोमीटर. मालक या मे महिन्यात वारले. काकू गाडी चालवत नाहीत, मुलगा पुण्याला, म्हणून विकायची आहे. आरसी बुक, विमा, दोन्ही चाव्या, सगळं आहे. सर्व्हिसची फाइल तेवढी नाही. "ह्यांनी कुठे ठेवली देवाला ठाऊक, दोन कपाटं उपसली," असं काकू म्हणतात. त्या खोटं बोलतात असं मला वाटत नाही. पावणेदोन लाख सांगतायत.

गाडी हवी आहे आईसाठी. आठवड्यातून दोनदा तिला डायलिसिसला रत्नागिरीला न्यावं लागतं. आतापर्यंत भाड्याच्या गाडीने नेतोय, ते परवडेनासं झालंय. म्हणजे माझी गाडी पावसात, अवेळी, हातखंब्याच्या पुढेमागे कुठे बंद पडून चालणार नाही. फाइल नसताना तुम्ही कशावर विश्वास ठेवलात?

रत्नागिरी, गॅरेज

दादा, २६ वर्षं हेच काम करतोय. आमच्याकडे गाडी दाखवायला आणतात तेव्हा गिऱ्हाईक फाइल पुढे करतं आणि मी टॉर्च घेऊन खाली जातो. फाइलमध्ये ऑइल कधी बदललं ते लिहितात. पत्रा कुठवर गेलाय ते कुणी लिहीत नाही. किनाऱ्यावरची गाडी इंजिनाने मरत नाही, पत्र्याने मरते. इंजिनाचं काम करता येतं, सडलेल्या चॅसिसला ठिगळं लावून किती लावणार?

गाडी रॅम्पवर घ्या. दाराच्या खालची सिल असते ना, तिच्यावर स्क्रू ड्रायव्हरच्या मुठीने हळूहळू ठोकत जा. चांगला पत्रा खणखणीत वाजतो. आतून खाल्लेला किंवा लांबी (पुट्टी) भरलेला असेल तिथे आवाज बद्द होतो. तिथेच चुंबक लावून बघा, लांबी असेल तर पकडणार नाही. मग बॉनेट उघडून शॉकअपचं डोकं जिथे बसतं तो भाग बघा. तिथल्या पत्र्याला पापुद्रे सुटले असतील तर किंमत विचारूसुद्धा नका. मागच्या चाकांकडे जाणाऱ्या ब्रेकच्या नळ्यांवरून बोट फिरवा. वरवरचा गंज बोटाला लागतो तो चालेल, खडबडीत खड्डे लागले तर नळ्या बदलायचा खर्च धरा. आणि खालून नुकतंच काळंकुळकुळीत अंडरकोटिंग मारलेलं दिसलं, तर का मारलं ते विचारा. अकरा वर्षांच्या गाडीचं पोट नवं कोरं दिसायचं कारण नाही.

इंजिन थंड असतानाच चालू करायचं. गेल्यावर आधी बॉनेटवर हात ठेवा. कोमट लागलं तर चहा घ्या, गप्पा मारा, पूर्ण गार झाल्यावरच चालू करा. निळा धूर म्हणजे ऑइल जळतंय. गाडी तापल्यावरही पांढरा धूर थांबला नाही आणि कूलंट (इंजिन गार ठेवणारं रेडिएटरमधलं पाणी) कमी होत असेल तर हेडगॅस्केटवर, म्हणजे इंजिनाच्या हेडखालच्या पॅकिंगवर, संशय घ्यायचा. ऑइल भरायच्या झाकणाच्या आत सायीसारखा पांढरट लगदा दिसला तर पुन्हा तेच. पण पावसाळ्यात थोडं थोडं चालवलेल्या गाडीत दमटपणानेही झाकणाला थोडी साय धरते. तेव्हा डिपस्टिकवरचं (ऑइल मोजायच्या पट्टीवरचं) ऑइल बघितल्याशिवाय ठरवू नका.

मालवण

मी फसलो ते लिहितो. २०१९मध्ये एक व्हॅन घेतली. फाइल नव्हती. "घरगुती वापर," एवढंच सांगितलं. वरून रंग झकास, सीट कव्हर नवी. आमचे आजोबा ओट्यावरून एवढंच म्हणाले, "बाबू, खालसून बघ, वरसून सगळीच बरी दिसतत." मी ऐकलं नाही.

पहिल्या पावसात मागच्या सीटखाली पाणी दिसलं. कार्पेट उचललं तर फ्लोअरला हात जाईल एवढं भोक, त्यावर रेक्झिनचा तुकडा डांबराने चिकटवलेला. फिटरने वास घेऊन सांगितलं, की ह्या गाडीतून मच्छी गेली आहे. बर्फाचं खारं पाणी गळत राहिलं आणि पत्रा आतून खाल्ला. वेल्डिंग, पत्रा आणि रंग मिळून ४२ हजार गेले, दीड महिना गाडी उभी. ते कार्पेट मी खरेदीआधी उचललं असतं तर दोन मिनिटांत कळलं असतं. स्टेपनी काढून तिच्या खळग्यात बघा, पाणी साचलं की पहिला गंज तिथे.

चिपळूण

संगमेश्वरच्या भावा, तुझी गाडी एमएच ०८ आहे म्हणून मुद्दाम लिहितेय. २२ जुलै २०२१, चिपळूणचा महापूर. आमच्या दारातली गाडी पहाटे चाकापर्यंत पाण्यात होती, दुपारी फक्त टप दिसत होता. वाशिष्ठीचं पाणी ओसरल्यावर दार उघडलं तेव्हा आतून गाळ पायावर आला. आमची टोटल लॉसमध्ये गेली, म्हणजे विमा कंपनीने दुरुस्तीपलीकडची ठरवली. पण त्या दिवशी बाजारपेठेत आणि खेर्डीत ज्या शेकडो गाड्या बुडाल्या, त्या सगळ्या भंगारात गेल्या नाहीत. सुकवून, धुऊन, सीट बदलून पुष्कळ पुन्हा रस्त्यावर आल्या. काही विकल्या गेल्या, त्यातल्या कितीजणांनी पूर सांगितला असेल?

पुढच्या वर्षी आम्हीच जुनी गाडी शोधत होतो. एक फार पसंत पडली. मिस्टर इसार द्यायला निघाले होते. मी मागच्या सीटवर बसून पट्टा ओढला, पूर्ण, अगदी अडकेपर्यंत. एरवी कुणी एवढा ओढत नाही. शेवटचा हातभर पट्टा वेगळ्या रंगाचा निघाला. मातकट कडा, मधे आडवी सरळ रेघ, चहाच्या कपात राहते तशी. नखाने खरवडलं तर बारीक भुकटी पडली. तो आमच्या घराच्या भिंतीवरचाच रंग होता, चार वेळा चुना काढूनही न जाणारा. मी काही बोलले नाही, गाडीतून उतरले.

नंतर नीट बघितलं तर सीटच्या लोखंडी रुळांना, डॅशबोर्डखालच्या पट्ट्यांना, एरवी हवाही लागत नाही अशा जागी गंज होता. कोकणातली लाल धूळ गाडीत सगळीकडे असतेच, तिला घाबरू नका. धूळ वरून बसते. गाळ आतून, फटीतून निघतो आणि एका पातळीपर्यंतच असतो. पाणी लागलेली वायरिंग लगेच दगा देत नाही. कनेक्टर हळूहळू हिरवे पडतात आणि वर्ष-दोन वर्षांनी कधी काच वर जात नाही, कधी सेल्फ लागत नाही. तुम्ही आईला घेऊन जाणार आहात, म्हणून एवढं लिहिलं.

गुहागर, शिक्षिका

आमचा अनुभव छोटा. मालकांना म्हटलं, फाइल हरवली तर हरवली, कंपनीच्या वर्कशॉपला नोंद असेल, आपण दोघे मिळून जाऊ. ते आले, नाही म्हणाले नाहीत याचं कौतुक आहे. काउंटरवर नंबर टाकल्यावर २०१९ सालच्या सर्व्हिसला ९४ हजार किलोमीटर दिसले. गाडीचा मीटर ५८ हजार दाखवत होता. मालक स्वतः दुसरे, त्यांनाही तशीच मिळाली होती. त्यांचा चेहरा पाहवेना. घेतली नाही.

देवगड, बागायतदार

ताईंचं बरोबर, पण आमच्याकडे वॉरंटी संपली की कंपनीच्या वर्कशॉपला कोण जातो? गावातल्या मिस्त्रीकडे जातात. म्हणून माझी रीत वेगळी. मालकाला विचारतो, "गाडी बघतो कोण?" नाव पटकन सांगितलं तर निम्मं काम झालं. "असाच कुणाकुणाकडे देतो," म्हणाला तर मी तिथूनच परत फिरतो.

माझी आताची गाडी अशीच घेतली. मालकाकडे एकही कागद नव्हता. मिस्त्रीकडे गेलो तर त्याने उधारीची वही काढली, लाल बांधणीची, ऑइलचे ठसे पडलेली. आंब्याचे पैसे आल्यावर बिल भागवणारी गिऱ्हाइकं, त्यामुळे सगळं लिहून ठेवलेलं. तारीख, काम, बाकी किती. ऑइल दरवर्षी मे संपता संपता, क्लच प्लेट एकदा, पुढचे बुश दोनदा. एवढी चांगली सर्व्हिस हिस्टरी मी शोरूमच्या गाडीचीही बघितली नव्हती. सहा वर्षं झाली, आंब्याच्या पेट्या घेऊन फोंडा घाट चढते.

कुडाळ, विम्याचं काम

विम्याचा कागद नीट वाचा. नो क्लेम बोनसचा, म्हणजे क्लेम न घेतल्याबद्दल हप्त्यात मिळणाऱ्या सवलतीचा, टक्का बघा. क्लेम नसेल तर पहिल्या वर्षानंतर २०, मग २५, ३५, ४५ आणि पाच वर्षांनी ५०. क्लेम घेतला की पुढच्या नूतनीकरणाला शून्य, तिथून पुन्हा वर चढायचं. म्हणजे टक्क्यावरून मागे मोजत गेलं की शेवटचा क्लेम साधारण कधीचा ते निघतं. विमा मधेच बंद पडून ९० दिवस उलटले तरी बोनस जातो, तेव्हा जुन्या पॉलिसीही मागा. काकांचा बोनस तुम्हाला मिळणार नाही हे हिशेबात धरा.

दुसरं, मालक वारलेले असल्यामुळे आधी गाडी वारसाच्या, म्हणजे काकूंच्या नावावर व्हायला हवी. त्याला फॉर्म ३१. मग त्यांच्याकडून तुमच्या नावावर फॉर्म २९ आणि ३०. कर्ज काढलेलं असेल तर बँकेचं ना हरकत पत्र आणि फॉर्म ३५. वारलेल्या माणसाच्या कोऱ्या सह्यांचे कागद कुणी एजंट देत असेल तर हात लावू नका.

अलिबाग

मी विकणारा. गाडी दिली, पैसे घेतले, "नावावर करून घेतो" यावर विश्वास ठेवला. सात महिने माझ्या मोबाइलवर त्या गाडीची चलनं येत होती. नोंदणी ज्याच्या नावावर, कायद्याच्या लेखी मालक तोच, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१८मध्येच सांगितलंय. त्याने अपघात केला असता तर भरपाईसाठी माझं नाव निघालं असतं. काकूंना हा त्रास देऊ नका. नावावर झाल्याशिवाय पूर्ण पैसे देऊ नका, आणि त्यांनाही सांगा, की त्याआधी चावी देऊ नका.

सावंतवाडी

आंबोली घाटात न्या, तुमच्याकडे आंबा घाट आहे. सपाटीवर सगळ्या गाड्या चांगल्या पळतात. चढावर वरच्या गिअरला अ‍ॅक्सिलरेटर दाबल्यावर इंजिनाचा आवाज चढतो आणि वेग चढत नाही, म्हणजे क्लच गेला. वर पोचल्यावर इंजिन चालूच ठेवून दहा मिनिटं थांबा, टेंपरेचरचा काटा बघा, पंखा लागतो का बघा. रेडिएटरचं झाकण गरम असताना अजिबात उघडू नका. दुसऱ्या दिवशी इंजिन थंड असताना उघडा. आत गंजाचं तांबडं पाणी दिसलं तर कूलंटऐवजी नळाचं पाणी भरत आलेत.

टायरवर शेवटचे चार आकडे वाचा, ३२१९ म्हणजे २०१९चा बत्तिसावा आठवडा. आणि इंजिन टायमिंग बेल्टचं की चेनचं ते विचारून घ्या. बेल्टचं असेल आणि कागद नसेल, तर तो बदललेलाच नाही असं धरून चाला. तुटला तर बहुतेक इंजिनांत व्हॉल्व्ह वाकतात. मी फाइल नसलेल्या दोन गाड्या घेतल्या. दोन्ही वेळा किमतीतून २५ हजार आधीच वेगळे काढले आणि पहिल्याच आठवड्यात सगळी ऑइलं, फिल्टर, कूलंट, ब्रेक ऑइल आणि बेल्ट नवीन केला.

संगमेश्वर

सगळ्यांचे मनापासून आभार. विशेषतः चिपळूणच्या ताई आणि कुडाळचे दादा.

शनिवारी रत्नागिरीहून ओळखीचा फिटर घेऊन गेलो. सिल खणखणीत वाजल्या, शॉकअपचे माथे चांगले, नळ्यांवर वरवरचा गंज. थंड इंजिन पहिल्या सेल्फला लागलं. मी मनात गाडी घेऊन टाकली होती.

मग विम्याचा कागद वाचला. मार्च २०२५मध्ये काकांनी नूतनीकरण केलं होतं, बोनस ३५ टक्के. काकूंच्या ओटीवर बसून बोटांवर मागे मोजलं. ३५, २५, २०, शून्य. शून्य आलं मार्च २०२२चं, म्हणजे क्लेम मार्च २१ ते मार्च २२ या वर्षातला. उठून मागच्या सीटवर बसलो आणि पट्टा अडकेपर्यंत ओढला. ताई, तुम्ही लिहिलेली रेघ तशीच होती.

काकूंना दाखवली. त्या बराच वेळ पट्टा हातात धरून बघत राहिल्या. मग त्यांना आठवलं. त्या आठवड्यात काका गाडी घेऊन चिपळूणला बहिणीकडे गेले होते, तिथे अडकले, तीन दिवसांनी एसटीने एकटेच परत आले. गाडी दोन महिन्यांनी आली. "मला म्हणाले, ब्रेकचं काम निघालं म्हणून राहिली." त्यांना काळजी नको म्हणून काकांनी सांगितलं नसावं. फाइलचं काय झालं असेल याचाही थोडा उलगडा झाला, पण ते मी काकूंपाशी बोललो नाही.

गेली चार वर्षं गाडी चालते आहे, पुढेही चालेल. गावातल्या गावात वापरणाऱ्याने कमी किमतीत घ्यायला हरकत नाही, असं फिटरचंही मत पडलं. आईला घेऊन रात्रीचं जायला मात्र मी ती घेणार नाही. काकूंनी त्यांच्या मुलाला माझ्यासमोरच फोन लावला आणि सांगितलं, की जो येईल त्याला आधी पुराचं सांगायचं, मग किंमत. फॉर्म ३१चं काम मी त्यांना करून देतोय.

लांज्याला एक गाडी आहे असं कळलंय, २०१६ची. फाइल तिचीही नाही. रविवारी जातोय. तिथला कुणी खात्रीचा फिटर माहीत असेल तर कृपया कळवा, सकाळी इंजिन थंड असताना पोचायचं आहे.