विषय: गावाकडचं लेकरू आजारी असताना दवाखान्यात काय बोलायचं?

नमस्कार मंडळी,

आपण परदेशात, पण आपल्यापैकी बहुतेकांचे भाऊ-बहीण, भाचे-पुतणे लातूर, बीड, परभणी, नांदेडकडं आहेत. रात्री-अपरात्री फोन येतो. लेकरू दूध पीत नाही, दवाखान्यात नेलं तर "गॅस झालाय, घरी न्या" म्हणून परत पाठवलं. आई म्हणते काहीतरी बिघडलंय, पण तिचं कोणी मनावर घेत नाही. आपल्या यादीवर नवजात विभागात काम करणाऱ्या ताई आहेत, बालरोगतज्ज्ञ डॉक्टर आहेत. आईनं नेमकं काय सांगावं, कुठं जावं, काय मागावं, हे एकदा सविस्तर लिहाल का? म्हणजे फोन आला की तेच पुढं पाठवता येईल.

– सभासद, मूळ गाव औसा

*

दादा,

"लेकरू बरं नाही, नुसतं किरकिर करतंय" हे वाक्य ड्युटीवरचा डॉक्टर दिवसभर ऐकतो. त्यातलं खरंच आजारी कोणतं, हे त्याला त्या वाक्यावरून कळत नाही. म्हणून तीन गोष्टी सांगायच्या: आकडा, वेळ आणि नेहमीपेक्षा काय बदललं.

आधी श्वास. लेकरू शांत किंवा झोपलेलं असताना अंगडं वर करून, घड्याळ लावून पूर्ण एक मिनिट पोट किती वेळा वर येतं ते मोजायचं. पंधरा सेकंद मोजून चारनं गुणू नका, कारण तान्ह्या लेकराचा श्वास मध्येच भरभर आणि मध्येच संथ चालतो. दोन महिन्यांच्या आतल्या लेकराला मिनिटाला 60 किंवा जास्त आले तर पुन्हा एकदा मोजा. दुसऱ्यांदाही तेवढेच आले तर तो वेगवान श्वास. दोन ते बारा महिन्यांच्या लेकराला ही मर्यादा 50, आणि एक वर्षापुढं 40. मोजताना बरगड्यांच्या खालचा भाग प्रत्येक श्वासाला आत ओढला जातो का ते पाहा. नाकपुड्या फुलतात का, कण्हल्यासारखा आवाज येतो का, तेही पाहा. हे दिसत असेल तर आकडा कमी असला तरी निघायचं.

मग दूध. "पीत नाही" एवढ्यावर थांबू नका. "काल संध्याकाळपर्यंत दर दोन-अडीच तासाला पंधरा मिनिटं प्यायचं. आज सकाळपासून चारदा लावलं, दोन-तीन घोट ओढतं आणि सोडून देतं" असं सांगा. लघवीचंही तसंच. "लंगोट कमी ओला होतो" यातून काही कळत नाही. "पहाटे चारनंतर लंगोट कोरडा आहे" यातून कळतं. पाच-सहा दिवसांच्या पुढचं आईच्या दुधावरचं लेकरू दिवसभरात सहा किंवा जास्त लंगोट ओले करतं, त्याच्याशी ताडून पाहता येतं.

तिसरं हालचाल. घरची माणसं "झोपून आहे" म्हणतात आणि डॉक्टरला ते चांगलंच वाटतं. तळपायाला चोळल्यावरच हलतं की आपणहून हातपाय मारतं, रडणं जोरात आहे की बारीक झालंय, हे वेगळं सांगायला हवं.

डॉक्टरसमोर गेल्यावर पहिली दोन-चार वाक्यं तयार असू द्या. आईनं फोनमध्ये लिहून ठेवून वाचली तरी चालतं:

"डॉक्टर, लेकरू वीस दिवसांचं आहे. दिवस पूर्ण भरून झालंय, जन्माचं वजन दोन किलो सहाशे. सकाळी सहापासून दूध ओढत नाही. नऊ वाजता श्वास मोजला, 68 आले, परत मोजला तर 66. ताप काखेत 100.6. पायाला चोळलं तरच हलतं. काल असं नव्हतं."

वय आधी सांगायचं, कारण त्यावरच पुढचं सगळं ठरतं. श्वास ओढतोय, झटका येतोय, असं काही दिसलं तर अंग उघडं ठेवून मोबाइलवर अर्धा-एक मिनिट व्हिडिओ काढा. दवाखान्यात पोचेपर्यंत झटका थांबलेला असतो आणि वर्णन करून तो समजत नाही. ओठ काळे-निळे दिसत असतील तर मात्र व्हिडिओत वेळ घालवू नका.

निघायच्या आधी तापाचं औषध दिलं असेल तर कोणतं, किती मिली आणि किती वाजता, ते कागदावर लिहा. तपासताना ताप नसला की "ताप नाही" अशी नोंद होते आणि पुढचं सगळं त्यावर चालतं.

– नवजात विभागातील परिचारिका, मूळ गाव सेलू

*

ताई, दोन शंका. गावाकडच्या थर्मामीटरवर फॅरनहाइट दिसतं, आम्ही इथून सेल्सियसमध्ये विचारतो आणि गोंधळ होतो. शिवाय कोविडपासून घरोघर बोटाला लावायचं ऑक्सिजनचं यंत्र आहे. ते लेकराला लावून चालेल का?

– सभासद, मूळ गाव देगलूर

*

ते यंत्र मोठ्यांच्या बोटासाठी आहे. तान्ह्याच्या बोटावर ते नीट बसत नाही आणि आकडा चुकतो. त्यात 97 आलं म्हणून घरी थांबणं धोक्याचं आहे. दवाखान्यात लेकराच्या तळपायाला गुंडाळायची वेगळी पट्टी असते, ती लावायला सांगा.

तापाचे आकडे पाठच करून ठेवा: 37.5 सेल्सियस म्हणजे 99.5 फॅरनहाइट, 38 म्हणजे 100.4, आणि 35.5 म्हणजे 95.9. दोन महिन्यांच्या आतल्या लेकराचं अंग 95.9 च्या खाली गेलं तर ते तापाइतकंच गंभीर आहे. घरात मात्र "अंग थंडगार आहे, ताप उतरला" म्हणून सगळे निर्धास्त होतात.

*

नमस्कार,

ताईंनी लिहिलं त्याला पुढं जोडतो. कोणत्या खुणा असल्या की वाट पाहायचीच नाही, ते आधी.

दोन महिन्यांच्या आत: दूध ओढणं बंद, झटका, वेगवान श्वास, छाती आत ओढली जाणं, ताप किंवा अंग थंड पडणं, चोळल्याशिवाय न हलणं. यातलं एकही असलं तरी तो गंभीर जंतुसंसर्ग असू शकतो, असं धरूनच तपासणी व्हायला हवी. आशा आणि ए.एन.एम. (उपकेंद्रातल्या नर्सबाई) यांना हेच निकष शिकवलेले असतात. म्हणून आशाताईला सोबत न्या. बाळंतपण दवाखान्यात झालं असेल तर ती 3, 7, 14, 21, 28 आणि 42 व्या दिवशी घरी येतेच. तिच्याकडं वजनकाटा आणि थर्मामीटर असतो, आणि तिच्या नोंदीला प्राथमिक आरोग्य केंद्रात वजन असतं.

कोणत्याही वयात: हिरवी उलटी. दुधाची, दह्यासारखी उलटी वेगळी. गडद हिरवी असेल तर आतड्याला पीळ पडलेला असू शकतो आणि त्यात तासांना महत्त्व असतं. हिरवा डाग पडलेलं कापड धुऊ नका, तसंच घेऊन जा. थांबून थांबून कळवळून रडणं, पाय पोटाशी घेणं, मधल्या वेळात मलूल पडणं आणि शीतून रक्त-शेंब पडणं, ही आतड्यात आतडं शिरल्याची खूण असू शकते. अशा वेळी पोटाची सोनोग्राफी मागा. "आव पडलीय" म्हणून नुसतं औषध घेऊन परत येऊ नका.

कावीळ: पहिल्या चोवीस तासांत दिसली किंवा तळहात-तळपाय पिवळे झाले तर त्याच दिवशी. "कोवळ्या उन्हात धरा" हा सल्ला तिथं पुरत नाही. आणि दोन आठवड्यांनंतरही डोळे पिवळे असतील तर शीचा रंग पाहा. शी पांढरट, मातकट असेल तर बिलिरुबिनची (काविळीत रक्तात वाढणारं पिवळं द्रव्य) डायरेक्ट आणि इनडायरेक्ट अशी वेगवेगळी तपासणी करायला सांगा. पित्ताची नळी बंद असेल तर शस्त्रक्रियेचा उपयोग लेकरू साठ दिवसांचं व्हायच्या आत सगळ्यात जास्त होतो. लेकरू बाकी हसतं-खेळतं असतं, वजनही बरं असतं, म्हणून नेमकं हेच मागं पडतं.

मराठवाड्यात एप्रिल-मे महिन्यांत आणखी एक अडचण येते. पत्र्याच्या घरात, दुपट्यात गुंडाळलेल्या लेकराचं अंग उन्हानंही तापतं आणि डॉक्टर "उष्णता आहे" म्हणतात. ते खरंही असू शकतं. कपडे एका पातळ झबल्यावर आणा, सावलीत घ्या, अंगावर पाजा आणि अर्ध्या तासानं पुन्हा ताप मोजा. उतरला आणि लेकरू नीट प्यायलं तर ठीक. उतरला नाही किंवा पिणंच मंदावलं, तर हे दोन्ही आकडे वेळेसकट डॉक्टरला सांगा. मग "उष्णता" म्हणून सोडून देणं त्यांनाही अवघड जातं.

एका गोष्टीत आग्रह धरू नका. "सलाईन लावा, इंजेक्शन द्या" अशी मागणी केली की काही ठिकाणी तेवढंच देऊन पाठवणी होते, आणि तपासणी राहूनच जाते. औषधाऐवजी तपासणी मागा. अंगावरचे सगळे कपडे काढून पाहणं, आजचं वजन, पूर्ण मिनिट मोजलेला श्वास, तळपायावरचा ऑक्सिजन, टाचेतून रक्तातली साखर. हे सगळं ग्रामीण रुग्णालयातही होण्यासारखं आहे आणि त्याला फार वेळ लागत नाही. ऑक्सिजन 90 च्या खाली किंवा साखर 45 च्या खाली असेल तर कोणीही घरी पाठवणार नाही.

एवढं करून "काही नाही" म्हणाले तर दोन प्रश्न विचारा, शांतपणे. "डॉक्टर, जंतुसंसर्ग नाही हे कशावरून ठरवलं?" आणि "काय दिसलं तर किती तासांत परत आणायचं? आम्ही लांबून आलोय, केस पेपरवर लिहून द्या." दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर लिहिताना डॉक्टर पुष्कळदा लेकराला पुन्हा एकदा हात लावून पाहतात.

तापाच्या औषधाबद्दल: तीन महिन्यांच्या आत डॉक्टरला विचारल्याशिवाय देऊच नका. मोठ्या लेकराला देताना बाटली वाचा. थेंबाच्या बाटलीत 1 मिलीत 100 मिलिग्रॅम पॅरासिटामॉल असतं, पातळ औषधात 5 मिलीत 125 किंवा 250. सहा किलोच्या लेकराला 90 मिलिग्रॅमचा डोस म्हणजे थेंबाचं 0.9 मिली आणि 125 च्या औषधाचं 3.6 मिली. 125 च्या औषधाऐवजी थेंबाची बाटली घेतली आणि मिली तेच ठेवले, तर चौपट डोस जातो.

– बालरोगतज्ज्ञ, मूळ गाव परभणी

*

डॉक्टर, बोलायचं कोणी हाही प्रश्न आहे. खिडकीपाशी मामा किंवा आजोबा बोलतात. ज्या आईनं रात्रभर पाहिलंय ती मागं उभी असते.

– सभासद, मूळ गाव गेवराई

*

बरोबर. पुरुषांनी केस पेपर काढावा, गाडी पाहावी, पैसे-कागद सांभाळावेत. लेकरू घेऊन आईनं पुढं जावं आणि तिनंच सांगावं. "आईला वेगळं वाटतंय" हीसुद्धा वैद्यकीय माहितीच आहे, फक्त तिला वेळ आणि आकडा जोडायला हवा. फोनवर तुम्हीही आईशीच बोला, दुसऱ्याच्या तोंडून ऐकलं की निम्मं गळतं.

आता कुठं जायचं. धोक्याची खूण असेल तर ओपीडीच्या रांगेत उभं राहू नका, सरळ कॅज्युअल्टीत, म्हणजे तातडीच्या विभागात जा. एकानं केस पेपर काढेपर्यंत लेकरू आत गेलेलं असावं. 28 दिवसांच्या आतलं लेकरू नवजात अतिदक्षता कक्षात घेतात, ज्याला लोक "पेटीत ठेवलं" म्हणतात. त्यापुढचं लेकरू बालरोग वॉर्डात जातं. दार चुकलं तर इकडून तिकडं पाठवण्यात तास जातो. लातूर, नांदेड, अंबाजोगाई आणि छत्रपती संभाजीनगरची घाटी इथं शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचं रुग्णालय आहे. तिथं निवासी डॉक्टरनं ऐकलं नाही तर "तुमच्या युनिटच्या सरांना किंवा मॅडमना विचारून घेता का?" एवढं म्हणा. सिव्हिलमध्ये ड्युटीवरचे निवासी वैद्यकीय अधिकारी आणि त्यावर जिल्हा शल्य चिकित्सक, ग्रामीण रुग्णालयात वैद्यकीय अधीक्षक. आरडाओरडा केला की समोरचा लेकराकडं पाहायचं सोडून स्वतःला सांभाळू लागतो.

*

नमस्कार. कागदांचं मी लिहिते.

रेफर करत असतील तर चिठ्ठीवर तीन गोष्टी हव्यात: रेफर करण्याचं कारण, दिलेली औषधं वेळेसकट, आणि पुढच्या दवाखान्याला फोन केल्याची नोंद. निघण्याआधी प्रतिजैविकाचा पहिला डोस देता येईल का, हे विचारा. "स्वतःच्या जबाबदारीवर नेत आहोत" अशा कागदावर घाईत सही करू नका. दवाखाना पाठवतोय तर तो रेफरच लिहिला गेला पाहिजे.

108 ला फोन केला की आधी लेकराचं वय आणि "श्वासाचा त्रास आहे, ऑक्सिजन लागेल" हे सांगा, मग गाव, तालुका आणि जवळची ठळक खूण. गाडीत लेकराला आईच्या उघड्या छातीशी धरा, डोक्याला टोपी, वरून दुपटं. पीत असेल तर वाटेत पाजत राहा.

जननी-शिशु सुरक्षा कार्यक्रम 2011 पासून आहे. त्यात वर्षाच्या आतल्या आजारी लेकराला सरकारी दवाखान्यात औषधं, तपासण्या आणि नेण्या-आणण्याची गाडी मोफत आहे. बाहेरून औषध आणायला सांगितलं तर याचं नाव घेऊन विचारा. खासगी दवाखान्यानं आधी डिपॉझिट मागितलं तर लक्षात ठेवा, परमानंद कटारा खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं 1989 मध्येच सांगितलंय की तातडीच्या रुग्णाला पहिले उपचार देणं सरकारी-खासगी प्रत्येक डॉक्टरवर बंधनकारक आहे. महात्मा फुले जन आरोग्य योजनेसाठी (सरकारची मोफत उपचारांची योजना) त्या योजनेतल्या दवाखान्यात आरोग्यमित्र म्हणजे योजनेचा मदतनीस बसतो, त्याला आधी भेटा.

पहिलं बाळंतपण माहेरी होतं आणि रेशनकार्ड सासरी राहतं. रेशनकार्ड, दोघांचं आधार आणि माता-बाल संरक्षण कार्डाचे फोटो आईच्या फोनमध्ये आजच टाकून ठेवायला सांगा. ऊसतोडीला जाणाऱ्या घरांनी तर माता-बाल कार्ड सोबतच न्यावं, कारण जन्माचं वजन आणि लसी फक्त त्यावर असतात.

– सभासद, मूळ गाव अंबाजोगाई

*

सगळ्यांचे आभार. इतक्या लांबून आम्ही काय करायचं, तेवढं सांगा.

– सभासद, मूळ गाव औसा

*

दादा, घरातून एकानंच फोन करायचा. अमेरिकेतून मामा, दुबईतून काका आणि लंडनमधून आत्या असे तीन फोन आले तर आईचा हात लेकराऐवजी फोनवर राहतो आणि बॅटरी उतरते. त्या एकानं आईला विचारत-विचारत डॉक्टरला सांगायची वरची वाक्यं मराठीत लिहावीत आणि तिला परत पाठवावीत. दुसऱ्यानं पुढच्या दवाखान्यात फोन करून पेटी रिकामी आहे का विचारावं. गाडीचे, औषधांचे पैसे आधीच सोबतच्या माणसाच्या खात्यावर टाकावेत. इथल्या औषधांची नावं आणि डोस सांगू नका. आणि दवाखान्यातून घरी पाठवलं असेल तर दोन तासांनी पुन्हा फोन करून तेच तीन प्रश्न विचारा: श्वास किती, शेवटचं दूध कधी आणि किती, लंगोट कधी ओला झाला. आकडे आधीपेक्षा बिघडले असतील तर त्याच केस पेपरवर परत न्यायला सांगा, सकाळची वाट पाहू नका.