चर्चा: ग्रंथालयातलं प्रशिक्षण नेमकं कुणासाठी?

काउंटरवाली
बारा वर्षं देवघेव काउंटरवर बसते आहे, म्हणून हा धागा.

आमच्याकडे मध्यंतरी नवी संगणकप्रणाली आली. त्याचं दोन दिवसांचं प्रशिक्षण झालं. गेले कोण, तर ग्रंथपाल आणि हिशेब बघणारे. परत आल्यावर त्यांनी आम्हाला वीस मिनिटांत ‘हे इथे दाबायचं, ते तिथे’ असं दाखवलं, आणि तिसऱ्या दिवशी समोर रांग. एका वाचकाने पुस्तक परत केलं तर पडद्यावर ते भलत्याच माणसाच्या नावावर दिसायला लागलं. तो मला चोर म्हणायचा बाकी राहिला होता. जुन्या नोंदी नव्या प्रणालीत आणताना एकाच बारकोडला दोन प्रती चिकटल्या होत्या, हे कळायला मला तीन आठवडे लागले. प्रशिक्षणात सराव झाला होता तो नमुन्याच्या नोंदींवर. तिथे प्रत्येक प्रतीला आपापला बारकोड आणि प्रत्येक लेखकाचं नाव एकाच पद्धतीने लिहिलेलं! आमच्याकडे एकच लेखक तीन प्रकारे नांदतो.

माझं म्हणणं एवढंच: ज्याचा हात कामाला लागतो त्याला प्रशिक्षण द्या, कामाच्या वेळेत द्या, आणि आमच्याच नोंदींवर द्या.

सूचीकार
असहमत. दर वेळी ‘आम्हाला कुणी शिकवलंच नाही’ हे ऐकून कान किटले.

मार्क, म्हणजे पुस्तकाची नोंद संगणकाला वाचता यावी म्हणून ठरवलेला साचा, १९६०च्या दशकात आला. त्यातल्या रकान्यांना क्रमांक असतात: २४५ मध्ये शीर्षक, १०० मध्ये लेखक, ६५० मध्ये विषय. हे शिकायला दोन दिवसांची कार्यशाळा लागत नाही, दोन रविवार लागतात. अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेस या ग्रंथालयाने सगळं फुकट उघडं ठेवलंय. कोहा ही ग्रंथालयाची मोफत संगणकप्रणाली घरच्या संगणकावर बसवून हवी तेवढी मोडतोड करता येते.

२००६ साली अमेरिकेत शार्लटच्या सार्वजनिक ग्रंथालयात हेलीन ब्लोवर्स यांनी ‘२३ थिंग्ज’ नावाचा उपक्रम केला. ब्लॉग उघडा, फोटो चढवा, अशी तेवीस छोटी कामं, आणि ती कर्मचाऱ्यांनी आपापली करायची. वर्ग नाही की फळा नाही. पुढे जगभरच्या ग्रंथालयांनी ते उचललं. शिकणाऱ्याला शिकता येतं, बाकीच्यांना कारणं सापडतात.

काउंटरवाली
@सूचीकार, उदाहरण छान दिलंत, फक्त अर्धं सांगितलंत. ती तेवीस कामं कुणीतरी डोकं लावून आखली होती, सोप्यापासून क्रम लावला होता, आणि पूर्ण करणाऱ्याला एमपीथ्री प्लेअर मिळत होता. संस्थेने मनावर घेतलं होतं हो! याला मी स्वयंशिक्षण म्हणत नाही, चांगलं प्रशिक्षण म्हणते.

आणि रविवारचं म्हणाल तर, तुमचे दोन्ही रविवार मोकळे असतात याचा हेवा वाटतो.

चाव्यांचा जुडगा
मी दुसऱ्या बाजूने बोलतो. छोटं ग्रंथालय चालवतो, माझ्यासह चार माणसं. एकाला तीन दिवस प्रशिक्षणाला पाठवलं की संध्याकाळची पाळी बोंबलते. दोघांना पाठवलं की दाराला कुलूप. वाचकाला कुलूप दाखवून मी कर्मचाऱ्यांचा विकास साधला, असं कुणाला सांगू?

दुसरं दुखणं म्हणजे शिकून आलेला माणूस वर्षभरात मोठ्या ठिकाणी निघून जातो. त्याचं भलं होवो, पण माझी पाटी पुन्हा कोरी.

इफ्ला या ग्रंथालयांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेची कर्मचाऱ्यांच्या सततच्या शिक्षणाबद्दल २०१६ची मार्गदर्शक तत्त्वं आहेत. त्यातलं पहिलंच कलम सांगतं की शिकत राहण्याची मुख्य जबाबदारी ज्याची त्याची. हे माझं मत नाही, आंतरराष्ट्रीय संघटनेचं आहे.

पानपट्टी नव्हे पानखूण
चाव्यांचा जुडगा साहेब, तोच दस्तऐवज पुढेही वाचा. व्यक्तीची जबाबदारी सांगून झाल्यावर संस्थेकडे वळलाय तो. एकूण अंदाजपत्रकातला अर्धा ते एक टक्का कर्मचाऱ्यांच्या विकासासाठी बाजूला काढा, आणि कामाच्या तासांपैकी सुमारे दहा टक्के वेळ शिकण्यासाठी द्या, असंही त्यात आहे. चाळीस तासांच्या आठवड्यात चार तास! तुमच्याकडे चार महिन्यांत तरी चार तास होतात का?

एकाच कागदातून आपापल्या सोयीची ओळ काढण्यात आपण ग्रंथालयवाले पटाईत. संदर्भसेवेचं प्रशिक्षण वाया गेलं नाही म्हणायचं. 😄

चाव्यांचा जुडगा
टोला मान्य. चार तास होत नाहीत. पण ते आणू कुठून, हे त्या कागदात नाही.

जुना ग्रंथपाल
वरच्या सगळ्या भांडणात प्रशिक्षण म्हणजे यंत्र हे गृहीत धरलंय. मला तेच खटकतं.

आमच्याकडे नवा मुलगा लागला होता. संगणकात तरबेज. एक बाई आल्या, म्हणाल्या, “मधुमेहावरचं पुस्तक हवंय.” याने शोध घेतला, ६१६.४६२ हा ड्युई वर्गांक (पुस्तकाचा विषय आणि कपाटातली जागा सांगणारा क्रमांक) लिहून चिठ्ठी हातात दिली आणि कपाटाकडे बोट दाखवलं. वर्गांक अचूक. बाईंनी तिथे उभ्यानेच दोन जाडजूड वैद्यकीय पुस्तकं चाळली, परत ठेवली आणि निघाल्या. मी दारात गाठून विचारलं, “कुणासाठी हवं होतं?” तर आईला नुकतंच निदान झालेलं, आणि रोज जेवायला काय करून घालायचं हा यांचा प्रश्न. ते पुस्तक होतं ६४१.५६३१ मध्ये, दोन कपाटं पलीकडे.

वाचक पहिल्या वाक्यात कधीच खरं मागत नाही. तो आपल्याला सोपं जाईल असं काहीतरी मागतो. त्याला उलटतपासणी न वाटता दुसरा प्रश्न कसा विचारायचा, ही शिकवण्याची आणि घोटून घेण्याची गोष्ट आहे. दोघांनी समोरासमोर बसायचं, एकाने वाचक व्हायचं. याला ना प्रणाली लागते ना प्रवासभत्ता. ग्रंथालयशास्त्रज्ञ रंगनाथनांनी १९३१ साली ‘वाचकाचा वेळ वाचवा’ म्हणून ठेवलंय. आपण चिठ्ठी देऊन स्वतःचा वेळ वाचवतो.

@सूचीकार, हे दोन रविवारी एकट्याने कसं शिकणार, तेवढं सांगा.

सूचीकार
बरं, हे एकट्याने नाही जमणार. इथे माघार घेतो.

पण मूळ मुद्दा सोडत नाही. कार्यशाळांना मी पुष्कळ बसलोय. पहिला तास उद्घाटनात, शेवटचा प्रमाणपत्रवाटपात, मधे कुणीतरी सरकचित्रं वाचून दाखवतं. आरडीए ही सूचीकरणाची नियमावली २०१० मध्ये आली, त्यावरच्या तीन कार्यशाळा केल्या. तिन्हींमध्ये आधीच्या नियमावलीशी तुलनेचा तोच तक्ता. कुणी एक पुस्तक हातात देऊन ‘घ्या, याची नोंद करा’ म्हणालं नाही. म्हणून म्हणतो, असल्या प्रशिक्षणापेक्षा रविवार बरा.

काउंटरवाली
म्हणजे तुम्ही माझ्याच बाजूचे निघालात की! मीही तेच म्हणत होते, हातात पुस्तक द्या.

सूचीकार
बाजू वगैरे काही नाही. तुम्ही ‘द्या’ म्हणता, मी ‘घ्या’ म्हणतो.

खळ आणि सुई
मी दुरुस्ती विभागात आहे. आमच्याकडे कुणाचंच लक्ष नसतं, म्हणून जरा लांबण लावते.

आमच्या संग्रहाचं सर्वांत जास्त नुकसान वाळवीने केलं नाही, वाचकांनीही केलं नाही. ते चिकटपट्टीने केलं, आणि ती लावली आमच्याच माणसांनी. पान फाटलं की काउंटरवर पारदर्शक पट्टी मारायची आणि पुस्तक पुढे. काही वर्षांत तिचा गोंद पिवळा पडतो, कागदात मुरतो, पट्टी सुटून येते आणि डाग कायमचा राहतो. माझ्यासमोर आत्ता एक कोश पडलाय, पाठीपासून सुटलेला. ‘क’पासून ‘घ’पर्यंत मधोमध तपकिरी पट्टा. पट्टी लावणाऱ्याचा हेतू चांगलाच होता. जपानी टिश्यू (पातळ पण चिवट कागद) आणि गव्हाच्या स्टार्चची खळ वापरून तीच दुरुस्ती दहा मिनिटांत होते आणि उद्या पाण्याने सोडवताही येते. हे शिकवायला एक दुपार पुरते.

तसंच ओल्या पुस्तकांचं. नळ फुटला तर सगळे धावून काय करतात? पुस्तकं उघडून उन्हात मांडतात. पानं वाकडीतिकडी होतात, गुळगुळीत छपाईचा कागद वाळताना एकमेकांना असा चिकटतो की पुन्हा सुटत नाही. साधारण दोन दिवसांत बुरशी धरते. सगळी वाळवणं तेवढ्यात जमणार नसेल तर बंद पुस्तक तसंच गुंडाळून गोठवायचं आणि सावकाश वाळवायचं. १९६६ साली फ्लॉरेन्सच्या राष्ट्रीय ग्रंथालयात आर्नो नदीचं पाणी शिरलं, तेव्हाच्या चिखलातून यातलं बरंच ज्ञान आलंय. पण आमच्या इमारतीत पाण्याचा मुख्य नळ कुठे बंद होतो, हे फक्त शिपाईमामांना माहीत आहे, आणि त्यांना आजवर एकाही प्रशिक्षणाला बोलावलेलं नाही.

नवखी
मी सहा महिन्यांपूर्वी लागले. पदवी आहे, तरी काउंटरवर पहिला आठवडा हात थरथरत होते. मला खरं शिकवलं ते शेजारच्या खुर्चीने. त्या ताईंच्या सेवापुस्तकात एकही प्रमाणपत्र नाही. शिकवलेलं कुठे मोजलं जातं का हो?

पानपट्टी नव्हे पानखूण
नाही. बसलेलं मोजतात.

चाव्यांचा जुडगा
सगळं वाचलं. चार तास जमणार नाहीत, तास-दीड तास जमेल. आमच्याकडे गुरुवारी सकाळी शुकशुकाट असतो. एकजण काउंटरवर, बाकी तिघे मागच्या टेबलावर. पहिल्या गुरुवारी फाटकी पानं, दुसऱ्या गुरुवारी जुना ग्रंथपाल यांचा वाचक-वाचक खेळ. परिचरही बसतील.

खळीचं प्रमाण कुणी सांगेल का? आणि कीड लागू नये म्हणून आमचे जुने बाइंडर मोरचूद घालायचे, तो घालू का?

खळ आणि सुई
एक भाग स्टार्च, पाच भाग पाणी, मंद आचेवर सतत ढवळत पारदर्शक होईतो. गार झाली की चाळणीतून काढा आणि पातळ करून वापरा.

मोरचूद अजिबात नको. त्यातलं तांबं कागदाला खातं. त्यापेक्षा लागेल तेवढीच खळ करा आणि उरलेली टाकून द्या.