स्पोर्ट्स अँकरिंग सोडून न्यूजमध्ये जावं का? पुण्यातल्या मीडियावाल्यांनी सांगा

गहुंजे_लोकल:
नमस्कार मंडळी, मी पुण्यातच एका वेब चॅनलसाठी स्पोर्ट्स अँकरिंग करतो, कबड्डी, कुस्ती, आणि आयपीएल चालू असलं की मॅचनंतरचा रोजचा शो. रानडे इन्स्टिट्यूटमधून जर्नलिझम केलंय. आता एका न्यूज चॅनलकडून बुलेटिन अँकरची ऑफर आलीय, पगार बरा आहे, घरचे म्हणतायत डोळे झाकून घे, "बातम्या देतो" म्हटलं की चार लोकांत सांगता तरी येईल (आत्तापर्यंत काय सांगत होते देव जाणे). पण राजकारणातलं मला ओ की ठो कळत नाही आणि स्पोर्ट्सवाला म्हणून तिथे कोणी सिरियसली घेईल का हीच भीती आहे. शिवाय एकदा गेलो की खेळाकडे परत येता येतं का? असं केलेलं कोणी माहितीय का?

पीसीआरमधला_काका:
अरे घे की. मी इतकी वर्षं पीसीआरमध्ये (स्टुडिओच्या कंट्रोल रूममध्ये) बसतोय, टीपीवरचं (टेलिप्रॉम्प्टरवरचं) वाचणारे पैशाला पासरी मिळतात, टीपी बंद पडल्यावर बोलत राहणारे मिळत नाहीत. पाऊस पडून मॅच थांबलीय, ग्राऊंडवर कव्हर्स, पाहुणा चहाला उठून गेलाय आणि प्रोड्युसर कानात ओरडतोय "ओढ, अजून ओढ", हे तू केलंयस ना? मग ब्रेकिंग म्हणजे वेगळं काय असतं, फक्त तिथे चुकलं तर लोकांच्या घरात रडारड होते.

जिम मके हे नाव शोध. अमेरिकेत एबीसी चॅनलचा खेळांचा निवेदक, १९७२ च्या म्युनिक ऑलिंपिकला गेलेला. ५ सप्टेंबरला पहाटे अतिरेकी इस्रायलच्या खेळाडूंच्या खोल्यांत घुसले, मकेला त्या दिवशी सुट्टी होती, बोलावणं आलं तसा पोहायच्या चड्डीवरच पँट चढवून स्टुडिओत येऊन बसला आणि मग रात्री उशिरापर्यंत तिथेच. रात्री बातमी आली की सगळे ओलीस सुटले. जगभर चालली ती, आणि खोटी निघाली. हा गडी मात्र पक्कं कळेपर्यंत जपून बोलत राहिला आणि शेवटी एवढंच म्हणाला की दोघं सकाळीच खोल्यांत मारले गेले, नऊ जण विमानतळावर, सगळे गेले. नंतर तो सांगायचा की ओहायोत डेव्हिड बर्गर या खेळाडूचे आईवडील टीव्ही बघत असतील आणि पोरगा आहे की गेला हे त्यांना माझ्या तोंडून कळणार, हे डोक्यात होतं. त्या कामासाठी त्याला न्यूजचं एमी (तिकडचा टीव्हीचा मोठा पुरस्कार) मिळालं, खेळाचं वेगळं. आणि तेव्हा एबीसीचं स्पोर्ट्स बघणारा रून आर्लेज, त्याच्याकडेच १९७७ मध्ये न्यूज विभागही दिला, तेव्हाही लोकांनी नाकं मुरडलीच होती.

कसब्यातली_कटकट:
काका, अर्धीच गोष्ट सांगितलीत. मके मुळात बाल्टिमोरच्या पेपरातला पोलीस रिपोर्टर, १९४७ मध्ये टीव्हीत आला आणि खेळ त्यानंतर. म्हणजे म्युनिकमध्ये जो जपून बोलत होता तो आतला जुना रिपोर्टर होता. @गहुंजे_लोकल तू फील्ड किती केलंयस ते सांग आधी. राजकारण कळत नाही याचं टेन्शन घेऊ नकोस, ते रोज पेपर वाचून सहा महिन्यांत येतं (आणि न येताही कितीतरी जण प्राइम टाइमला बसलेत, नावं नको). पण जुलैमध्ये खडकवासल्यातून विसर्ग वाढवला, एकता नगरीत पाणी शिरतंय, आणि रिपोर्टर फोनोवर (फोनवरून लाइव्ह) आकडा सांगतोय, तेव्हा कालचा आकडा काय होता आणि भिडे पूल पाण्याखाली गेला का हे तुला विचारता आलं पाहिजे, नाहीतर तू नुसता "परिस्थिती गंभीर आहे" म्हणत बसशील. जॉइन होताना आठवड्यातून दोन दिवस तरी रिपोर्टिंगला सोडा असं मागून घे, एकदा स्टुडिओत बसवलं की कोणी बाहेर पाठवत नाही.

डीपपॉइंट_डेक्कन:
परत येता येतं का याचं उत्तर, येतं, पण सगळ्यांना यावंसं वाटत नाही. ब्रायंट गंबेल अमेरिकेतल्या एनबीसी चॅनलचा स्पोर्ट्सवाला, १९८२ ला टुडे शोवर गेला, १५ वर्षं सकाळी बातम्या आणि मुलाखती, पण तिथे असतानाच १९९५ ला एचबीओवर रिअल स्पोर्ट्स हा खेळांचा शो चालू केला तो २०२३ पर्यंत चालला. म्हणजे धागा सोडलाच नाही. रॉबिन रॉबर्ट्स ईएसपीएन या स्पोर्ट्स चॅनलवरून गुड मॉर्निंग अमेरिका या एबीसीच्या सकाळच्या शोला गेली, २००५ ला को-अँकर झाली आणि तिथलीच झाली, त्याच वर्षी कतरिना वादळात तिचंच गाव उद्ध्वस्त झालं आणि तिथून लाइव्ह करताना ती रडली. कीथ ऑल्बरमन ईएसपीएनच्या स्पोर्ट्ससेंटर शोवरची तिरकस भाषा घेऊन एमएसएनबीसी या न्यूज चॅनलवर गेला, तिथे त्याचा काउंटडाऊन हा शो गाजला पण उमेदवारांना देणग्या दिल्या म्हणून २०१० मध्ये निलंबन, पुढच्या वर्षी बाहेर, मग २०१३ ला पुन्हा ईएसपीएन. ती तिरकस भाषा बुलेटिनला नको रे बाबा, आपल्याकडे आधीच फार झालीय.

अजून एक, आवाज. नवले पुलावरचा अपघात शेवटच्या ओव्हरच्या आवाजात सांगणारे रोज ऐकतोय. बाळ ज. पंडितांची रेडिओवरची कॉमेंट्री ऐकलेले घरात कोणी असतील तर विचार, विकेट पडली तरी माणूस किंचाळायचा नाही.

गहुंजे_लोकल:
सगळ्यांना थँक्स. फील्ड म्हणाल तर बालेवाडी आणि तालमी सोडून शून्य, त्यामुळे रिपोर्टिंगचं नक्की मागतो. शिफ्ट पहाटेची आहे, ५ ला मेकअप. रविवारचा कुस्तीचा शो चालू ठेवू का असं एचआरला विचारलं तर म्हणाले बघू.

पीसीआरमधला_काका:
"बघू" म्हणजे नाही. लेखी घे. आणि दोन वर्षांचा बाँड असेल तर सही करायच्या आधी इथे टाक, वाचून सांगतो.