चोरीची तक्रार थेट देशाच्या गृहमंत्र्यांकडे करता येते का?

लष्करची काकू
आमचा वाडा ग्वाल्हेरला, लष्कर नावाच्या भागात. मागच्या महिन्यात भरदुपारी देवघरातली समई आणि आजेसासूबाईंनी माहेरून आणलेला पितळी बाळकृष्ण चोरीला गेला. कोनाड्यात तेलाचा गोल डाग तेवढा राहिलाय. ठाण्यात आवेदन घेतलं, शिक्का मारून प्रत दिली, एफआयआर काही लिहिला नाही. तीन चकरा झाल्या. पुतण्या म्हणतो, दिल्लीला गृहमंत्र्यांना लिही, पोलीस त्यांचेच. खरं का हे? आणि नसतील, तर देशाचा गृहमंत्री करतो काय?

टेकनपूरकर
काकू, दिल्लीला लिहिण्यात वेळ घालवू नका. पोलीस आणि सार्वजनिक सुव्यवस्था हे दोन्ही विषय घटनेच्या सातव्या अनुसूचीत राज्यांकडे आहेत. तुमचे टीआय, म्हणजे ठाण्याचे निरीक्षक, भोपाळच्या गृहखात्याचे. दिल्ली शहराचे पोलीस मात्र केंद्राचे.

माझे वडील सीमा सुरक्षा दलात, टेकनपूरच्या अकादमीत उस्ताद होते. पहाटे साडेचारला त्यांच्या बुटांना पॉलिश करायचं काम माझ्याकडे. 'फौजेत का?' असं कुणी विचारलं की ते म्हणायचे, 'नाही, गृह मंत्रालयात.' लहानपणी मला ते कळायचं नाही. पूर्वी पाकिस्तानची सीमा त्या त्या राज्याचे सशस्त्र पोलीस सांभाळायचे. १९६५ साली कच्छमध्ये ते अपुरे पडले, म्हणून त्याच वर्षी १ डिसेंबरला हे दल उभं राहिलं. सीमा, केंद्रीय राखीव पोलीस, गुप्तवार्ता, जनगणना, राज्यात राष्ट्रपती राजवटीची वेळ आली तर त्याची कागदपत्रं, हा सगळा देशाच्या गृहमंत्र्याचा भार.

तुमच्या ठाण्यापर्यंत त्याचा हात पोचतो तो कायद्यातून. १ जुलै २०२४ पासून लागू झालेली भारतीय नागरिक सुरक्षा संहिता केंद्रानेच आणली. तिचं कलम १७३ बघा: ठाण्याने एफआयआर नाकारला तर मजकूर लेखी, टपालाने पोलीस अधीक्षकांना पाठवायचा. तिथेही दाद नाही लागली तर न्यायदंडाधिकाऱ्यांकडे अर्ज. शिक्क्याची प्रत जपून ठेवा.

दाल बाजार
बरोबर, पण 'राज्याचा विषय' म्हटल्याने केंद्र सुटत नाही. २६ नोव्हेंबर २००८ ला मुंबईवर हल्ला झाला. मुंबईचे पोलीस राज्याचे, तरीही केंद्रीय गृहमंत्री शिवराज पाटील यांनी चारच दिवसांत राजीनामा दिला. तो योग्यच होता असं मी मानतो. राष्ट्रीय सुरक्षा रक्षक दलाचे (एनएसजी) कमांडो दिल्लीजवळच्या मानेसरहून आणावे लागले होते, आणि ते दल गृह मंत्रालयाचंच. त्यांची मुंबईतली तुकडी २००९ मध्ये आली.

टेकनपूरकर
मान्य. काकू, मूर्तीचा फोटो आहे का? अर्जाला जोडा.

लष्करची काकू
गोकुळाष्टमीचा सापडला. पिवळं झबलं घातलंय, पण उजव्या पायाचा वाकलेला अंगठा स्पष्ट दिसतो. उद्याच अधीक्षकांना रजिस्टर करते.