विटांच्या ढिगावर बसून शेपटी थरथरवणारा पक्षी कोणता?

प्रतापनगरात घरामागे रिकामा प्लॉट आहे. चार दिवसांपासून तिथल्या विटांच्या ढिगावर रोज सकाळी एक पक्षी येतो. चिमणीएवढा, पण सडपातळ. डोकं-छाती काळी, पोट विटकरी. बसला की शेपटी अशी थरथरते की थंडी भरलीय असं वाटावं. काल आईने तुरीच्या शेंगा सोलता सोलता दाखवला: खाली झेपावला, मुंगळा उचलला, परत त्याच विटेवर. चिरक असेल का?

उत्तर १
चिरक नाही, ताई. नर चिरकाच्या खांद्यावर पांढरा पट्टा असतो, तांबडा रंग फक्त शेपटीखाली, आणि शेपटी उभी. तुमच्याकडे आलाय तो थिरथिरा, नर. उन्हाळ्यात हिमालय, तिबेटकडे घरटं करतो, हिवाळा आपल्याकडे काढतो. उडताना शेपटी बघा, तांबडी दिसेल.

उत्तर २
आमच्या त्रिमूर्तीनगरातही दरवर्षी गच्चीच्या कठड्यावर येतो. मादी मातकट तपकिरी, पटकन लक्षात येत नाही, शेपटीवरूनच ओळखायची.

प्रश्न विचारणारी
आज नीट पाहिलं, उडाला तेव्हा शेपटी तांबडी झळकली! थिरथिराच. पण प्लॉटवर आठवड्याभरात बांधकाम सुरू होतंय, जीव लागलाय हो. कुठे जाईल तो?

उत्तर १
शेजारच्या कुंपणावर, गच्चीवर बसेल. फक्त अंगणात कीटकनाशक मारू नका, किडे हेच त्याचं मुख्य खाणं. कोपऱ्यातला पालापाचोळाही झाडू नका. मार्च-एप्रिलपर्यंत मुक्काम असतो.

प्रश्न विचारणारी
आईने आजच झाडणाऱ्या मावशींना सांगितलं, मागचा कोपरा तसाच राहू द्या.